शब्दाशिवाय

आठवड्याला किती पेले, डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
आई म्हणाली, कुठल्या आठवड्याला?
द्राक्षं तोडायच्या, की बाप्तिस्म्याच्या,
की कुणाच्या चाळिसाव्या दिवसाच्या?
आमच्याकडे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो,
मोजणार कुठून.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
बाप खिडकीतून तिबिलिसीची एक क्रेन बघत होता,
जुनी ओळख असल्यासारखी.

माझा बाप जुंबेर, तीन गावांचा तमादा.
तमादा म्हणजे मेजाचा कारभारी,
तो बोलल्याशिवाय कुणी पेला उचलायचा नाही.
पहिला शांततेसाठी, मग गेलेल्यांसाठी,
पोरांसाठी, सोयऱ्यांसाठी,
गारपिटीतून वाचलेल्या वेलींच्या एका ओळीसाठीसुद्धा.
सव्वीस पेले रिचवून तो ताठ चालत यायचा,
येताना शेजाऱ्याच्या फाटकाची उघडी कडी लावून.
त्याला दारुडा म्हणणाऱ्याला
गावानं वेड्यात काढलं असतं.
दारुडा म्हणजे बसथांब्यावरचा गोगी,
दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट.
असा एक गोगी प्रत्येक गावाला लागतोच.
त्याच्याकडे बोट दाखवलं
की बाकीच्यांचे पेले स्वच्छ होतात.

ऑक्टोबरात आम्ही अक्रोड ओवतो,
आटवलेल्या द्राक्षरसात बुडवायच्या माळा.
बापाची माळ सगळ्यांत सरळ.
त्या सकाळी सुई अक्रोडात जाईना.
तीन अक्रोड फुटले.
थंडी आहे, तो म्हणाला.
थंडी नव्हती.
रांजण बघून येतो म्हणून तळघरात गेला
आणि परतला तेव्हा हात दगडासारखा.
चाळीस अक्रोड, एकही न चुकता.
आई म्हणाली, बघ, गेली थंडी.
मी त्या स्थिर हाताला घाबरले.
दारूनं हात थरथरतो, एवढं ऐकून होते.
दारूनं हात थांबतो, हे कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
मी तळघराच्या पायरीवर कान देऊन उभी राहिले.
वाटलं, बोलेल काहीतरी.
एकट्यानं का होईना,
निदान सुखुमीहून न परतलेल्या भावासाठी.
लाकडी झाकण सरकलं.
ओगराळं रांजणाच्या गळ्यावर खणकलं.
घोट.
पुन्हा घोट.
शब्द नाही.
तमादानं शब्दाशिवाय घेतलेला पहिला पेला
मी ऐकला.
म्हणजे, मी ऐकलेला पहिला.
आधीचे किती, ते रांजणाला ठाऊक.

मी किल्ली लपवली, पिठाच्या डब्यात.
ओरडेल असं वाटलं होतं.
ओरडला असता तर बरं झालं असतं.
ज्याच्यासाठी तीन गावं उठून उभी राहायची
तो माझ्यापुढे अनवाणी उभा राहिला
आणि माझ्या नावापुढे
"बाळ" लावून बोलला,
लहानपणीही कधी लावलं नव्हतं.
मी दिली किल्ली.
हे मी बाईंना सांगितलं नाही.

बाईंनी कागद बाजूला सारला.
किती ते राहू द्या, म्हणाल्या,
घेतली नाही तर काय होतं?
आई तोंड उघडणार,
तेवढ्यात बाप क्रेनकडे बघतच बोलला,
सुई जात नाही.
बाईंना कळलं नाही.
आईला कळलं. तिनं पर्सची चेन लावली,
उघडली,
परत लावली.

येताना गोंबोरीच्या घाटात
मिनीबसमध्ये एकानं प्लास्टिकची बाटली काढली.
नातू झाला होता त्याला, त्याच पहाटे.
सगळ्यांनी वळून बापाकडे पाहिलं,
शब्द त्यानंच द्यायचा होता.
आणि दिला त्यानं.
बाळाच्या टाचांपासून
समोरच्या डोंगरावरच्या बर्फापर्यंत,
मधे कुठेही न अडखळता.
ड्रायव्हरनं गाडी हळू केली.
एक म्हातारी डोळे पुसू लागली.
कागदी पेला हातोहात
त्याच्यापाशी आला.
मी त्याच्या हाताकडे पाहिलं नाही.
मी वळणं मोजत राहिले,
अकरा, बारा,
तेराव्याला
आईनं माझा गुडघा घट्ट धरला.